दहा-अकराचा पाना

नवरात्र आलं की आमच्या गावात झेंडूला दोन वास येतात. महाद्वार रोडवर तो देवळाचा वास असतो, ओला आणि थोडा कडवट. लेथ-भट्ट्यांच्या उद्यमनगरात तोच झेंडू ग्रीसच्या, रॉकेलच्या आणि कापलेल्या लोखंडाच्या वासात मिसळतो. हा दुसरा वास मला सोसत नाही. अकरा वर्षं झाली तरी सोसत नाही. यंदाही रिक्षा उद्यमनगरात शिरली आणि मी पदर नाकाला लावला. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं आणि विचारलं, "धूर लागतोय काय बाई? पडदा सोडू?" मी नको म्हटलं.

धूर नव्हताच. खंडेनवमीला तिथली भट्टीसुद्धा थंड असते. एरवी लेथ, घण आणि ग्राइंडर यांच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि त्या दिवशी मात्र फुलं निवडणाऱ्या बायकांच्या बांगड्या ऐकू येतात. सगळी हत्यारं धुऊन, पुसून, ओळीनं पाटावर मांडलेली असतात. एकदा त्यांना हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटेपर्यंत, त्यांना हात लावायचा नाही. नट ढिला असेल तर तो तोपर्यंत ढिलाच राहतो. हे मला कधीच पटलं नाही. आणि न पटलेलं बोलून मोकळं व्हायची माझी सवय सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, हिला पोळी गोल झाली तर ती जरा जास्तच गोल झालेली दिसते. अशी मी, त्या एका खंडेनवमीला मात्र गप्प बसले.

आमचे हे हायस्कुलात भूगोल शिकवायचे. नकाशावर बोट ठेवून मुलांना जग दाखवणाऱ्या माणसाला स्वतःला जिल्ह्याबाहेर पडल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यासाठी त्यांनी एक थोरली मोटारसायकल घेतली होती. गोव्यात एक परदेशी पाहुणा मायदेशी जाताना ती विकून गेला. तिच्या कागदपत्रांसाठी ह्यांनी दोन वर्षं खेटे घातले. लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली गाडी ती. दोन्ही बाजूंना पेट्या, मागच्याला पाठ टेकायला गादी, आणि पुढं वारापाऊस अडवणारं रुंद कवच. त्याला फेअरिंग म्हणतात. मी त्याला दर्शनी भिंत म्हणायचे. त्या भिंतीआड बसून आम्ही हंपी बघितली, गोकर्ण बघितलं, विजापूरच्या घुमटात एकमेकांना हाका मारल्या. आणि दर दसऱ्याला उजाडताना निघून गगनबावड्याला जायचो. घाट उतरून कोकणाच्या हद्दीत पाय टेकवायचा, आपट्याची डहाळी घ्यायची आणि परत यायचं. हे म्हणायचे, लोक चौकात सीमोल्लंघन करतात, आपण खरोखरची सीमा ओलांडतो.

त्या वर्षीच्या पावसात दारातल्या झाडाची फांदी मोडली ती नेमकी गाडीच्या तोंडावर पडली. भिंतीचे तीन तुकडे झाले. ह्यांचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला. त्यानं कुठल्याशा बंदरातून त्याच कंपनीच्या गाडीचे सुटे भाग पाठवले. डावी बाजू, उजवी बाजू, आतला पत्रा आणि वरची काच, सगळं होतं. फक्त ते होते आठदहा वर्षांनी नव्या गाडीचे. आमची गाडी काळपट हिरवी, आणि हे भाग पांढरेशुभ्र. खोकं घरी आलं ते पितृपक्षात. त्यात कुणी नवी वस्तू घरात घेत नाही. मी हसले होते. गाडीला कुठले पितर, असं काहीतरी बोललेही होते.

सगळं घेऊन आम्ही आप्पांकडे गेलो. आप्पा गडहिंग्लजकडचे, कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात दोन खिशांची बंडी. बोलताना मध्येच कन्नड शब्द यायचा आणि तो आल्याचं त्यांना कळायचंही नाही. उद्यमनगरात त्यांचं एका लेथचं दुकान होतं, मागं दोन खोल्यांचं घर. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणायचो. ती मला तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. आप्पांनी खोकं उघडलं, पांढरा तुकडा दोन्ही हातांनी उचलून गाडीपुढं धरला आणि डोळे बारीक केले.

मी म्हटलं, "म्हाताऱ्याला नवी कवळी बसवल्यासारखं दिसणार हे."

"दिसू दे की. चावाय आल्याशी कारण," आप्पा म्हणाले.

"पण बसेल का? भोकं तर जुळत नाहीत."

"बसत न्हाय आसं काय नसतंय वैनी. बसवायचं असतंय."

उद्यमनगरची सगळी घमेंड ह्या एका वाक्यात आहे. मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं होतं. आता नाही आवडत.

पुढचे दोन आठवडे मी शाळा सुटली की तिकडंच जायची. मी चित्रकला शिकवते, हात स्थिर आहे, म्हणून धरायचं काम माझ्याकडे. एका बाजूला मी तो पांढरा तुकडा छातीशी धरून उभी, दुसऱ्या बाजूला हे, आणि आप्पा खाली बसून खडूनं खुणा करताहेत. प्रत्येक भोक बोटभर इकडं नाहीतर तिकडं. जुन्या सांगाड्याचे बोल्ट बसवायचे कान अरुंद, नवा पत्रा आतून खोल. आप्पांनी जुन्या कॅलेंडरच्या पानांचे साचे कापले, त्यावरून लोखंडी पट्टी वाकवली, तिनं सगळी भिंत इंचभर पुढं ढकलली. पत्र्याला लागणाऱ्या वायरी काढून पट्टीखालून फिरवल्या. त्यातच अॅक्सिलेटरची वायर होती.

दुपार कलली की जोतिबाच्या डोंगराच्या अंगानं आभाळ भरून यायचं. परतीचा पाऊस पडण्याआधी नुसता गडगडतो. दुकानात एकदम अंधार व्हायचा, आणि त्यात तो पांढरा चेहरा तेवढा दिसत राहायचा. त्याच्यात अजून दिवा बसवला नव्हता. दिव्याच्या जागी भोक होतं. माझ्या हातात तो असायचा तेव्हा ठीक वाटायचं, पण खाली ठेवून लांब गेलं की तो आपल्याकडे बघतो आहे असं वाटायचं. मी हे बोलले तर दोघंही हसले.

एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती आणि तिचा अर्थ मला लागला नव्हता. दुकान इतकं अरुंद होतं की गाडीच्या एका हाताला भिंत आणि दुसऱ्या हाताला लेथ. हँडल थोडंसंच फिरायचं. जवळच वेल्डिंग चालायचं म्हणून टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलेलं. म्हणजे दोन आठवड्यांत ती गाडी एकदाही पूर्ण वळली नाही आणि एकदाही सुरू झाली नाही. नवा चेहरा बसला तो सरळ उभ्या, मुक्या गाडीवर. आणि आप्पांना घाई होती. अर्धं काम खंडेनवमीच्या पूजेपुढं ठेवायचं नाही, हा त्यांच्या वडलांपासूनचा नेम. शेवटचा नट त्यांनी अष्टमीच्या संध्याकाळी आवळला.

खंडेनवमीला सकाळी घरून निघताना मी ह्यांना म्हटलं, हिरव्यावर पांढरं अगदीच विसंगत दिसतं, रंग देऊन घ्या. हे थांबले. रागावले नाहीत, थकल्यासारखे म्हणाले, "आज एक दिवस तरी चूक काढू नकोस. एक दिवस." मला ते लागलं. मनाशी म्हटलं, ठीक आहे, एक दिवस.

पाटावर नट आवळायचे पाने लहानापासून मोठे असे चढत्या ओळीत मांडले होते. आप्पांनी प्रत्येकाच्या तोंडावर स्वतःच्या बोटानं कुंकू लावलं. गाडी दारात, उघड्यावर आणली होती. तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि रिवाज म्हणून हे गाडी सुरू करून प्रसाद घ्यायला आत गेले. इंजिन छान, संथ चाललं होतं. हाराची एक सर हँडलच्या सांध्यात अडकलेली दिसली. ती सोडवायला मी हँडल डावीकडे वळवलं, पार शेवटपर्यंत.

गाडी ओरडली. मी अॅक्सिलेटरला हातही लावला नव्हता. घाबरून मी हँडल सरळ केलं, आवाज खाली आला. पुन्हा डावीकडे नेलं, पुन्हा आवाज चढला. गाडी स्टँडवर होती म्हणून जागेवर थरथरली, एवढंच.

वळून बघितलं तर आप्पा दारात उभे होते. ते जवळ आले, पांढऱ्या भिंतीआड हात घातला, वायर चाचपली.

"आखूड पडली," ते हळू म्हणाले. "दोन बोटं. पट्टीखालनं घेतली न्हवं, त्येनं. हँडल पुरं वळलं की वढली जाती."

"मग सोडवा की. दोन मिनिटांचं काम आहे."

आप्पांनी पाटाकडे बघितलं. "हत्यारं पुजलीत वैनी."

"आप्पा, उद्या पहाटे हे घाटात जाणार आहेत. मी मागं बसणार आहे. घाटात काय सरळ रस्ता असतो?"

"ठावं हाय मला. उद्या गाडी काढायच्या आधी येतो मी. पर आज मास्तरास्नी काय बोलू नगा. लेकरागत खूश हाईत. सणाच्या दिवशी त्यांच्या मनात किंतू नगं."

मी म्हटलं, "ह्यांना काही झालं तर मी तुम्हाला सोडणार नाही." हे वाक्य मी हसत बोलले नव्हते. आप्पांनीही ते हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली.

हे बाहेर आले, गुळखोबरं माझ्या हातावर ठेवलं, आणि आम्ही घरी निघालो. मोठ्या रस्त्यावर हँडल कधी पुरं वळत नाही, हे मला माहीत होतं, तरी प्रत्येक डाव्या वळणाला माझ्या मांड्या आवळल्या जात होत्या. हे शीळ घालत होते. वारा अजिबात लागत नव्हता, नवी भिंत खरोखर चांगली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी "अहो" म्हटलं. "काय?" म्हणून ह्यांनी मान मागं केली. सकाळचं त्यांचं थकलेलं तोंड मला आठवलं. मी म्हटलं, "काही नाही, दूध घ्यायचंय." त्यांनी गाडी बंद करून ढकलत फाटकातून आत घेतली.

माणूस आयुष्यात किती बोलतो, आणि त्यातलं कामाचं किती असतं? मी हजार वेळा नको तिथं बोलले. लोकांनी ऐकून घेतलं, सोडून दिलं. बोललेलं परत घेता येत नाही म्हणतात, पण निदान त्याची माफी मागता येते. न बोललेल्याची माफी कुणाकडे मागायची, हे मला अजून कळलेलं नाही.

दसऱ्याला फटफटायच्या आत आप्पा आले. हे अंघोळीला गेले होते. आप्पांची बंडी धुतलेली, विभूती ताजी. उजवा हात बंडीच्या खिशावर दाबून धरलेला. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय.

"चावी द्या वैनी. जरा फुडं जाऊन बघून येतो."

"हत्यार आणलंय?"

"आज हत्यार कसं आणायचं?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "हातानं बगतो. घंट्याभरात आलो."

मी चावी दिली. ती देताना मला हायसं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं खरं. हे डोकं पुसत बाहेर आले तेव्हा गाडी गल्लीच्या टोकाला पोचली होती. "आप्पांना मोह आवरला नाही बघ," म्हणून हसले आणि चहा पीत पायरीवर बसले. तासाचे दोन तास झाले. समोरच्या घरात पुरणाचा वास सुटला. मी दाराला लावायचं तोरण ओवायला घेतलं आणि तीच दोन फुलं पुन्हा पुन्हा सुईत घालत राहिले. मग एक ओळखीचा माणूस सायकलवरून आला. तो सायकलवरून न उतरताच बोलायला लागला, तेव्हाच मला कळलं.

पन्हाळ्याच्या रस्त्याला, चढ लागायच्या आधी, एक जुनी बंद पडलेली दगडाची खाण आहे. रस्त्यापासून आत डावीकडे वाट जाते. आप्पांचा देह आणि गाडी त्या खाणीच्या तळाशी सापडली. बांधावर गवत कापणाऱ्या बाईनं पोलिसांना सांगितलं, "गाडी हळूच वळली ओ, आन एकदम वराडली." त्या बाईच्या बोलण्याचा अर्थ त्या गर्दीत मला एकटीलाच कळला. बाकीच्यांना एकच कोडं पडलं होतं. रस्ता सरळ, मोकळा, कोरडा. तो सोडून हा माणूस खाणीच्या वाटेला कशाला वळला? उत्तर सापडेना म्हणून लोकांनी एक सोपं उत्तर तयार केलं. म्हातारपणी हौस नडली. दुसऱ्याची थोरली गाडी बघून जीव राहिला नाही. अक्काही तेच म्हणायची, रडताना आणि नंतर रडणं संपल्यावरही.

हे स्वतःला दोष देत राहिले, आपण ते पांढरे भाग मागवलेच नसते तर, म्हणून. त्यांनी पुन्हा कुठलीच गाडी चालवली नाही. ती मोटारसायकल मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. चाकं गंजली, टाकीला भोकं पडली, हिरवा रंग पापुद्र्यांनी सुटला. पण दर्शनी भिंतीला नुसता तडा आहे. तो नवा चेहरा अजून पांढरा आहे, त्याला गंज चढत नाही. ह्यांना मी आजवर सांगितलं नाही की मला आदल्या दिवशीच कळलं होतं. हा लेख ते वाचतील. म्हणूनच तो लिहिते आहे.

अक्कानं दुकान भाड्यानं दिलं, पण आप्पांची हत्यारं ठेवून घेतली आणि दर खंडेनवमीला त्यांची पूजा चालू ठेवली. फक्त ती स्वतः कुंकवाला हात लावत नाही. "तंगी, तू ये. कुंकू तू लाव," असं तिनं पहिल्या वर्षी सांगितलं, तेव्हापासून मी जाते. मी पाट धुते, पाने ओळीत मांडते, कुंकू लावते. त्या ओळीत दर वर्षी एक जागा रिकामी असते. आठ-नऊ नंबरच्या पुढं एकदम बारा-तेरा. दहा-अकराचा पाना नाही. त्या गडबडीत कुठंतरी हरवला असेल, असं मी धरून चालले होते. मी पाने मांडायची आणि अक्का बाजूला बसून आप्पांना बोल लावायची. "हौस, हौस. घरात बायको हाय ह्येचंबी भान न्हाय." मी मान खाली घालून ऐकायची. घरी आले की जेवण जायचं नाही.

यंदा अक्का बोलत नव्हती. मी आठ-नऊ ठेवला, जागा सोडली, बारा-तेरा ठेवला. तेव्हा ती उठली, ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि माझ्यापुढं ठेवलं.

"त्येच्या बंडीच्या खिशात मिळाला," ती म्हणाली. "पोलिसांनी कापडांसंगं दिला. मी कुणाला दावला न्हाय. पुजलेलं हत्यार नवऱ्यानं उचाललं, हे कुणाला सांगायचं?"

फडकं मी सोडलं. दहा-अकराचा पाना. दोन्ही तोंडांवर कुंकू, काळपट पडलेलं, पण जसंच्या तसं. एकदा जरी नटाला लावला असता तर पुसलं गेलं असतं. मग सगळं माझ्यापुढं उभं राहिलं. खिशावर दाबलेला हात. माझ्याकडे न बघता दिलेलं उत्तर. आप्पा गाडी बघायला गेलेच नव्हते. वायर सोडवायला गेले होते. पुजलेलं हत्यार चारचौघांत वापरायचं नाही म्हणून ते गाव सोडून, रस्ता सोडून, कुणी बघणार नाही अशा जागी गाडी नेत होते. आणि त्या खाणीच्या वाटेला वळायला त्यांना हँडल डावीकडे पार शेवटपर्यंत न्यावं लागलं.

"तंगी, एक इचारू?" अक्का म्हणाली. "पुजलेलं उचाललं म्हणून नेलं काय गं देवानं त्येला?"

मी म्हटलं, "नाही अक्का. मी सांगितलं म्हणून गेले ते." आणि मग सगळं सांगितलं. हार अडकला होता तिथपासून चावी दिली तिथपर्यंत.

अक्कानं रिकामं फडकं घडी करून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे मास्तरांचा जीव वाचवाय गेलता."

"हो. आणि माझा."

"हौसंनं न्हाय."

"हौसेनं नाही."

"अकरा वर्सं मी त्येला शिव्या दिल्या," अक्का म्हणाली, आवाज न चढवता. "आन तू हितं बसून त्या ऐकल्यास."

तिनं पाना उचलला आणि आठ-नऊ आणि बारा-तेराच्या मधे, त्याच्या जागेवर ठेवला. सवयीनं मी कुंकवाचं बोट पुढं केलं. तिनं माझा हात बाजूला केला.

"नगं. त्येच्यावर त्येच्या हातचं हाय."

मी बोट पुढच्या पान्याला लावलं आणि उरलेली ओळ पुरी केली.